एकच नंबर

राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत आपला, मतपत्रिकेवरचा दोन नंबरचा उमेदवार पडणार, हे वार्सितोला मतदानाआधीच कळून चुकलं होतं. एक नंबरवाले भर बाजारात एक बोट उंचावून त्याला चिडवत. त्यात मेहुणा सुगेंग सगळ्यांत पुढे: "काय दाजी, एकच नंबर ना?"

त्या सकाळी वार्सितो तुमिनी मावशीच्या कॉफीच्या टपरीवर बसला होता. सुगेंग समोर येऊन बसला, त्याच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. वार्सितोने शहाळी सोलायचा कोयता उचलला, सुगेंगचा हात बाकावर दाबला आणि ते बोट तोडलं.

"आता दाखव," तो म्हणाला.

मावशी हातातला पेला खाली ठेवत म्हणाली,



"अरे, तुझ्यासाठी एक कॉफी सांगत होता तो."