खिडकीजवळचा पलंग

"ताई, पोरले लई जाशी तव्हय पलंग खाली शे का, देखी लेजो," वॉर्डातल्या धुरपदामावशींनी बजावलं होतं.

"मावशी, पोरगी माझ्या हातात आहे. रिकामा पलंग कशाला बघू?" योगिता हसली आणि चंचलला घेऊन रिक्षात बसली.

मुलांच्या मानसोपचार केंद्रात तीन महिने राहून लेक घरी निघाली होती. वर्षभर तोंडातून अक्षर न काढलेली पोर डिंडोलीतलं घर येईपर्यंत अखंड बडबडत होती. घरी तिनं शेवभाजी दोनदा मागून घेतली. योगिताला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं.

पाच वाजता, दर रविवारी यायचा तसा, केंद्रातून व्हिडिओ कॉल आला. सवयीनं तिनं उचलला.

खिडकीजवळच्या पलंगावर चंचल बसली होती. ओठ घट्ट मिटलेले.

"मम्मी, कोणाचा फोन गं?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तो ऐकून पडद्यावरच्या मुलीनं हळूहळू नकारार्थी मान हलवली.

योगितानं पालकांच्या ग्रुपवर लिहिलं, "केंद्राजवळ कुणी असाल, तर आत्ता जाऊन खिडकीजवळचा पलंग बघाल का? माझी चंचल तिथंच आहे का, तेवढं सांगा."