हलकी बंदूक

"हिका बारा बोअरचो धक्को सोसाचो नाय," सहदेव तिसऱ्यांदा म्हणाला आणि काउंटरवरची हलकी बंदूक त्याने डाव्या हाताने सुनेपुढे सरकवली. "खांदो नाजूक आसा हिचो."

किशोरीचे कान लाल झाले. वर्षभर हेलपाटे घातल्यावर कालच तिचा परवाना हातात पडला होता, आणि आज सासरा तिची अशी कीर्ती गात होता.

कसालच्या त्या दुकानाचा मालक गुरुदास बोलका माणूस. गिऱ्हाईक आलं की त्याची शाळा भरायची.

"ही चारशे दहा बोअर. वजनाक हलकी, धक्को नावाक. पण काडतूस बारीक, छर्रे थोडे. नवशिक्याक लोक हीच घेतत आणि फसतत. चोक मोकळो घेतल्यात, म्हणजे नळीचा तोंड रुंद, तर छर्रे पसरतत. आवळलेलो घेतल्यात तर नेम पक्को होयो."

"मोकळोच दी. आणि बिल कर."

सहदेवाला भलतीच घाई. स्टुलावर बसला, उठला, दारातून हायवेवरच्या गाड्या बघून आला, परत बसला. बहात्तरी उलटली तरी बूड म्हणून टेकत नव्हतं. चाळीस वर्षं गावात बंदूक म्हटलं की सहदेव. गेल्या वर्षी वनखात्याच्या परवानगीने मोठं डुक्कर पडलं, तेव्हा रिवाजाप्रमाणे मुंडकं वाजतगाजत त्याच्याच दारात आलं. बार ज्याचा, मुंडकं त्याचं.

"भातात डुकरां येतत मां तुमच्या?" गुरुदासने विचारलं.

"कळपान येतत," किशोरी पहिल्यांदाच बोलली.

"मग ही घेव नको गो. हेच्यान डुकर पडाचो नाय. जखमी होतलो आणि तुझ्याच अंगार येतलो."

सहदेव पुन्हा दाराकडे निघाला होता. तिथेच थांबला. किशोरीने त्याच्या पाठीकडे पाहिलं. ती एक वाक्य बोलली असती तर सुटली असती, पण चारचौघांत सासऱ्याला खाली बघायला लावणं तिच्या जिवावर आलं.

"मामा म्हणतत तीच देवा," ती म्हणाली. "माझो खांदो दुखता."

सहदेवाला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती. ही पोर माझी अब्रू झाकायला डुकरापुढे उभी राहील. खरंच राहील.

तो वळला. "गुरुदासा, ता बिल फाडून टाक."

"काय झाला?"

"गेल्या वर्षीचो डुकर हिना मारल्यान. कागदार नाव माझा होता म्हणान मुंडका माझ्याकडे इला. मी मिशेक पीळ देत बसलंय आणि ता रांधल्यान पण हिनाच."

"मामा!" किशोरी घाबरली. तेव्हा तिच्याकडे परवाना नव्हता.

"माका काय ऐकाक इला नाय," गुरुदास बिल फाडत म्हणाला.

"माझी बारा बोअर हिच्या परवान्यार चढव," सहदेव म्हणाला. आता तो स्टुलावर नीट बसला होता. "नाजूक खांदो माझो. ही हलकी मी माझ्यासाठीच बघी होतंय."