भिंतीतला हात

स्मारकाच्या भिंतीतून बारा हात बाहेर आले होते. परदेशात सेवेला गेलेल्या बारा स्वयंसेवकांचे. कृत्रिम कातडीखाली ऊब होती, नाडी होती, आणि हातात हात दिला की त्या माणसाची पकड जशीच्या तशी जाणवायची.

मंदाकिनीबाई तोरसकरांनी आपल्या नावाखालचा हात धरला आणि झटकन सोडला.

"हा कोणाचा हात?"

"तुमचाच, बाई," समितीचे चिटणीस घाटपांडे म्हणाले. "मागच्या महिन्यात तुम्हीच नाही का यंत्राखाली हात ठेवलात?"

"मी तीन बोटांचा हात ठेवला होता! दोन बोटं तिकडे सुरुंग काढताना गेली. ती तुम्ही कुठून आणलीत?"

"यंत्रानेच भरून काढली. शाळेची मुलं येणार, घाबरतात हो. बरं दिसत नाही."

"मग नाव तरी कशाला कोरलंत? ज्या हाताने काम केलं, तोच तुम्हाला बघवत नाही!"

"बाई, जरा हळू. मंत्रीसाहेब आले."

घाटपांड्यांनी घाईघाईने ओळख करून दिली. मंत्र्यांनी हसत हात पुढे केला. मंदाकिनीबाईंनीही आपला उजवा हात पुढे केला. तो दिसताच मंत्र्यांनी स्वतःचा हात मागे घेतला, लांबूनच नमस्कार केला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून भिंतीतला बाईंच्या नावाखालचा हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"काय ऊब आहे या हातात!" ते गहिवरून म्हणाले.

टाळ्या पडल्या. मंदाकिनीबाईंनी आपला हात खाली घेतला नाही.