आज डॉलर कितीला

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी सलीम बागवान केज गावातल्या कर सल्लागार कार्यालयात आला आणि उभ्याउभ्याच विचारलं, "ताई, आज डॉलर कितीला हाय?"

कार्यालय चालवणाऱ्या मनिषानं कीबोर्डवरचे हात उचलले नाहीत. ऑक्टोबरपासून रविवार सोडून रोज हाच प्रश्न होता.

"तुमच्या मोबाइलवर दिसतो की, सलीमभाई."

"दिसतो. एकोणनव्वद सत्तर. खरा हाय का म्हणून इचारलं."

"खरा आहे."

सलीम खुर्चीत टेकला. "कावून वाढला असंल?"

पलीकडच्या टेबलावरून तिचा मदतनीस रामेश्वर फायलीतून डोकं न काढता म्हणाला, "तुमाला न इचारता वाढला म्हणून राग आला व्हय?"

सलीम हसला नाही.

सलीमचा धारूर रस्त्याला सीताफळाचा गर काढायचा छोटा कारखाना होता. सप्टेंबरात दुबईच्या एका आइस्क्रीमवाल्यानं नऊशे डब्यांची ऑर्डर दिली. पैसे डिसेंबरअखेर, चाळीस हजार डॉलर. तोवर डॉलर पडला तर काय, या काळजीनं सलीमची झोप उडाली होती. तोड मनिषानं काढली. ऑर्डर दाखवून बँकेकडून आजच डॉलरमध्ये कर्ज घ्यायचं, तेही इतकंच की तीन महिन्यांचं व्याज धरून चाळीस हजार भरावेत. ते डॉलर लगेच मोडून रुपये करायचे. त्यातून बागवाल्यांचं देणं भागवायचं, उरलेले रुपये ठेवीत टाकायचे. डिसेंबरात दुबईचे डॉलर आले की ते थेट कर्जात जमा. मधे भावाचा संबंधच नाही. अठ्ठ्याऐंशीच्या भावानं काम झालं. तारण म्हणून कारखाना लिहून दिला होता.

हे सगळं तिनं सलीमला कागदावर काढून दिलं होतं. दोनदा. त्यानं तो कागद घडी घालून खिशात ठेवला होता आणि तरीही तो रोज येत होता.

"अहो, कितीदा सांगू?" मनिषा खुर्ची वळवून म्हणाली. "तिकडून डॉलर येणार, तेच डॉलर बँकेत जाणार. भाव नव्वद होवो नाहीतर साठ. ज्याला बाजारातून डॉलर विकत घ्यायचेत, त्यानं भावाची काळजी करावी. तुम्ही कशाला?"

"बरोबर हाय तुमचं."

"आणि करायचीच तर नीट तरी करा. मागच्या गुरुवारी डॉलर तीस पैशांनी पडला, तर तुम्ही सगळ्या ऑफिसला चहा पाजलात. माल बाहेर पाठवणारा माणूस डॉलर पडला की रडतो, सलीमभाई. तुमचं आनंद करणंसुद्धा उलटं."

"चहा मात्र बरा हुता," रामेश्वर म्हणाला.

"तू गप बस."

सलीमनं खिशातला कागद काढला, गुडघ्यावर सरळ केला, परत घडी घातली. घड्यांवर तो आता फाटत आला होता.

"ताई, एक गोष्ट सांगायची हुती."

"डॉलरची?"

तो थांबला. "डॉलरचीच."

"मग नको. खरंच नको. मला आज बँकेला पत्र द्यायचंय. शुक्रवारी तुमच्या कर्जाची मुदत आहे. माल कुठंय, पैसे कधी येणार, ते लेखी मागतायत. माल गेला ना?"

"गाडी तर तुमी पेढे खाल्ले त्याच दिवशी गेली की."

पेढे तिला आठवत होते. हंगामातली मोठी गाडी भरून फाटकाबाहेर पडली की सलीमकडं पेढे वाटायची रीत होती, त्याच्या वडिलांच्या हातगाड्याच्या काळापासूनची. ऑक्टोबरातल्या त्या दुपारी तो अर्धा किलोचा पुडा घेऊन आला होता. गाडीचा फोटोही दाखवला होता, समोर झेंडूचा हार बांधलेला.

"आणि माल जहाजात चढल्याचे कागद?"

"मुंबईच्या एजंटाला इचारतो."

"हे महिनाभर ऐकतेय. बुधवारपर्यंत मला हातात पाहिजेत."

"बरं."

तो उठला. दारापाशी वळला. "ताई, शुक्रवारपर्यंत उतरंल का तो?"

मनिषा परत कीबोर्डकडं वळली. दार लागल्यावर ती रामेश्वरला म्हणाली, "पुढच्या वर्षी हा माणूस आला की मी सुटीवर आहे म्हणून सांग."

"त्यो सुटीचा बी भाव इचारंल."

दुपारभर बाकीची कामं चालली. बँकेचा तगाद्याचा फोन दोनदा आला. चार वाजून चाळीस मिनिटांनी मनिषानं पत्र लिहून पाठवलं. माल ऑक्टोबरात रवाना झाला आहे, कर्जाची फेड निर्यातीच्या डॉलरमधूनच होईल. खाली तिचं नाव आणि सही.

पाण्याची बाटली उघडते तोच फोन वाजला. नंबर अनोळखी.

"म्याडम, बद्रीनाथ बोलतोय, बीडच्या कोल्ड स्टोरेजवरून. सलीम बागवानचे टॅक्सचे कागद तुमीच बघता ना? त्यांच्या फर्मचा जीएसटी नंबर द्या. बिल करायचंय. सलीमभाई दोन दिवस झालं फोन उचलंना."

"कसलं बिल?"

"भाड्याचं. तिसरा महिना लागला. नऊशे डबे हायेत सीताफळाच्या गराचे. दुबईवाल्यानं नको म्हणून कळवलं तवा गाडी निम्म्या रस्त्यात हुती. तशीच हिकडं वळवली. हार बी काढला नव्हता गाडीचा."

मनिषानं नंबर दिला. एक आकडा चुकला, परत सांगितला. बद्रीनाथनं आभार मानून फोन ठेवला.

मग तिनं या कर्जाच्या तीन महिन्यांत पहिल्यांदाच आपणहून डॉलरचा भाव उघडून पाहिला. चार वाजून एकावन्न मिनिटं. नव्वद रुपये आठ पैसे.