मंगळवारची हरकत

ऑर्व्हिल थेयर हात वर करून उभे राहिले आणि विनीने कपाळाला हात लावला. आज तरी म्हातारा गप्प बसेल, अशी तिला वेडी आशा होती.

मार्चची गावसभा भरली होती. अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातल्या ईस्ट पेल्टनमध्ये वर्षातून एकदा सगळं गाव असं जमतं, हात वर करून निर्णय घेतं आणि मग एकत्र जेवतं. बाहेर अर्धा बर्फ, अर्धा चिखल. आत ओल्या बुटांचा वास, आणि मागच्या टेबलांवर झाकून ठेवलेल्या, सफरचंदाचं सारण भरून भाजलेल्या ॲपल पायचा त्याहून कितीतरी चांगला वास. विनी गावाच्या नियोजन समितीची प्रमुख. कुठे काय बांधायचं याचा नकाशासह आराखडा आणि नवे नियम तिने घाम गाळून तयार केले होते आणि आज त्यांवर मतदान होतं.

जुने नियम पन्नास वर्षांपूर्वी कुठल्याशा शहराचे उचलून आणलेले. दुकानाला एवढी मोठी जागा हवी, रस्त्यापासून एवढं अंतर हवं, दारात एवढ्या गाड्या मावायला हव्यात. ते काटेकोर लावले असते तर गावातलं चर्चसुद्धा बेकायदा ठरलं असतं. पण आधीपासून जे उभं होतं त्याला कुणी हात लावत नव्हतं, म्हणून कुणाचं काही अडलं नाही. मग गावातलं एकुलतं एक दुकान जळालं. डेल्फीन लाशान्सच्या आजोबांनी थाटलेलं दुकान. त्याच्या ओसरीवर आणि आतल्या शेगडीभोवती गाव गप्पा मारत बसायचं. राख निवल्यावर तिला कळलं, की त्याच जागेवर तेच दुकान आता बांधता येणार नाही.

विनीने बाह्या सरसावल्या. दर मंगळवारी संध्याकाळी जाहीर सुनावणी सुरू झाली. पूर्वी असल्या सुनावणीला तीन माणसं आणि एक कुत्रा यायचा. आता सभागृह भरू लागलं. बायका विणकाम घेऊन यायच्या, कुणी केक आणायचं, कुणी कॉफी. गावाला आराखड्याचं एवढं प्रेम पाहून विनीला अगदी भरून यायचं.

एक ऑर्व्हिलकाका तेवढे खोडा घालायचे. टेकडीवर एकटे राहणारे, ऐंशी उलटलेले. सगळ्यांच्या आधी येऊन सभागृहातली शेगडी पेटवायचे आणि पुढच्या बाकावर ठाण मांडायचे. एका मंगळवारी नकाशातला ओढा वाकडा काढलाय म्हणून हरकत. दुसऱ्या मंगळवारी त्यांच्या शेताची दगडी भिंत चुकलीय म्हणून. मग वटवाघळांचा प्रश्न. वटवाघळं झाली तेव्हा पाट्यांच्या रंगावर घसरले. हरकत नोंदवली की पुढची सुनावणी आलीच. दीड वर्षात त्यांनी विनीच्या नाकी नऊ आणले होते.

आणि आता तर गळ्याशी आलं होतं. नुकतीच डेल्फीन उठून बोलली होती. "मला बर्लिंग्टन शहरात नोकरी मिळतेय. आज ठराव झाला तर चिखल वाळताच पाया खणते. पुढे ढकलला तर मी चालले. रागावू नका, पण मी दमले." एवढंच बोलून ती खाली बसली. काका एकदा जरी 'पुढे ढकला' म्हणाले, तरी निम्मं गाव त्यांच्या मागे हात वर करणार हे विनीला ठाऊक होतं.

"बोला काका," सभापती उसासा टाकून म्हणाले. "आज काय चुकलंय?"

"प्रश्न विचारायचेत," काका म्हणाले. "विनी, तुझ्या नव्या नियमात दुकानाला पुढे ओसरी चालते का?"

"चालते, काका."

"आणि आत लाकडाची शेगडी?"

"ती कुठल्याच नियमात अडत नाही."

"हं." काकांनी मान वळवली. "डेल्फीन, दुकान उघडणार किती वाजता?"

"सहाला," डेल्फीन म्हणाली. "तुम्ही पाचलाच येऊन दार बडवणार, ते वेगळं."

लोक हसले. काका हसले नाहीत. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"मग माझी काही हरकत नाही," असं म्हणून ते खाली बसले.

असले शब्द त्या सभागृहाने ऑर्व्हिल थेयरच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. सभापतींना मत मागायचं भान राहिलं नाही. मग मागितलं, आणि हातांचं रान उगवलं. विरोधात दोनच हात आले, त्यातला एक खाजवत होता. डेल्फीन एकाच वेळी रडत आणि हसत होती. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी मागच्या टेबलांवरची फडकी काढली, आणि सभापती "सभा अजून संपलेली नाही!" असं ओरडेपर्यंत रांग लागलीसुद्धा.

विनीने ॲपल पायचा भलामोठा तुकडा घेतला आणि काकांच्या शेजारी जाऊन बसली. इतकी खूश होती, की भांडायचा जोर येत नव्हता. तरी भांडली.

"काका, इतके दिवस मला वाटायचं, तुम्हाला माझा आराखडा डोळ्यांसमोरही नकोय."

"छे गं! पहिल्या दिवसापासून आवडला. झकास काम केलंस."

"अहो, मग वर्षापूर्वीच हो म्हणायचं! आज दुकान उभं असतं!"

"असतं की," काका तिच्या बशीतला तुकडा तोडत म्हणाले. "पण ते उभं राहीपर्यंत मंगळवारी संध्याकाळी मी कुठे गेलो असतो?"