तळाचं मूठभर

"ब्याऐंशी," भिका म्हणाला आणि आकडा कागदावर जपून काढला. साक्षरता वर्गात बसला तेव्हा त्याचे केस पिकले होते.

तलासरीच्या कचेरीत वनजमिनीचे दावे सर्व्हरवर चढवायचा शेवटचा दिवस. बाहेर पाड्यापाड्यांवरची माणसं रांगेत बसलेली. शिपाई भिकाला एकच काम होतं. पडद्यावरच्या लॉगचा टक्का दर तासाला टिपायचा. लॉग भरला की सर्व्हर नावं घेत नाही.

"नव्वदला सांगा, काका. झाडून टाकतो," ऑपरेटर रूपेश म्हणाला.

"त्यात असतं काय?"

"सर्व्हर जे करणार, ते आधी तिथं लिहितो. मग खऱ्या नोंदीत करतो."

भिका थबकला. आधी बोलून मग तसंच करणारी माणसं त्याने आयुष्यात दोन-तीनच पाहिली होती.

दुपारी एक्याण्णव झाले. रूपेशचा हात माऊसकडे गेला.

"आजच्या लॉगची प्रत काढलीस?"

"संध्याकाळी निघते."

"मग हात नको लावू. नवं भात घरात आल्याशिवाय जुनी कणगी कोण झाडतं?"

"सर्व्हरला पण शेतावर न्याल तुम्ही," रूपेश हसला, पण प्रत काढायला लागला.

"मशीन जेवायला बसली काय?" पावतीसाठी थांबलेली बुधीबाई खिडकीतून म्हणाली.

प्रत निघाली आणि वीज गेली. वीज आली तेव्हा सर्व्हरवरची नोंदवही उघडेना. सकाळपासूनचे एकशे चाळीस दावे तिच्यात होते. बुधीबाईचं उतारावरचं अर्धं एकरही.

"काल रात्री जपून ठेवलेली वही आहे," रूपेश म्हणाला. "तिच्यावर ही लॉगची प्रत चालवून बघतो."

बराच वेळ काही झालं नाही. मग नोंदवही उघडली. पहिला शुक्रा. मग जिवली. मग ठकी. सकाळी रांगेत बसले होते तसेच, एकामागून एक. शेवटी बुधीबाई, अर्ध्या एकरासकट.

भिकाने टेबलाची कड धरली.

"काका, आता झाडू?" रूपेशने विचारलं.

भिकाने मान डोलावली. एक्याण्णवचा आकडा एकदम तीनवर आला आणि थांबला. भिका शून्याची वाट बघत राहिला.

"शून्य होत नाही, काका. तळाला थोडं राहतंच."

"ऐकलं, बाय?" भिका हळूच खिडकीकडे वळून म्हणाला. "कणगीसारखं हिच्यातही तळाला मूठभर ठेवतात."

बुधीबाईने पडद्याकडे पाहिलं. मग कणगीपुढे घेते तसा डोईवर पदर घेतला.