परवाची ऑडिशन

राफाएलने फोन ठेवला आणि कोट न काढताच तो पॅसेजमध्ये उभा राहिला.

"कोण होतं?" लीयाने किचनमधून विचारलं.

"एफ्राईम. परवाच्या ऑडिशनबद्दल. मी तुला सांगणारच होतो, पण..."

"परवा?" लीया हात पुसत बाहेर आली. "आज मंगळवार. म्हणजे गुरुवारी, प्रॅक्टिसच्याच टाइमला. बरं झालं, हॉल तेव्हा आपलाच असतो, नवीन जागा शोधायला नको. कुठली साडी नेसू?"

राफाएल वळून कोट खुंटीला लावू लागला. साडीच्या प्रश्नाला नवऱ्यांकडे उत्तर नसतंच, त्यामुळे लीयाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

एफ्राईमच्या क्वार्टेटने गेली काही वर्षं इल्फर्डच्या आसपासच्या चर्च हॉलमध्ये, पेंगणाऱ्या म्हाताऱ्यांपुढे इमानेइतबारे वाजवलं होतं. एफ्राईमचं पहिलं व्हायोलिन, राफाएलचा व्हायोला, बाकी दोघे इंग्रज. अर्धा कार्यक्रम अमेरिकन क्लासिकलचा. उरलेला अर्धा स्पिरिच्युअल्सचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या भक्तिगीतांचा. ती लीया गायची. आता एडिनबराला मोठ्या हॉलमध्ये आठवडाभर कार्यक्रम व्हायचे होते, रेडिओची माणसं येणार होती. तिथले कार्यक्रम ठरवणाऱ्या बाईंची अट एकच होती: आधी गायिका ऐकायची.

स्पिरिच्युअल्सची कल्पना मुळात लीयाचीच. लहानपणी मुंबईतल्या ज्यू वस्तीत तिने मोशेचं कीर्तन मराठीतून ऐकलं होतं. इजिप्तच्या फारो राजाच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या माणसांचं गाणं तिला कुणी समजावून द्यावं लागलं नाही. बिऱ्हाड, स्वयंपाक आणि सासूबाईंची औषधं यांच्यामध्ये तिचं स्वतःचं म्हणावं असं हे एवढंच होतं.

मनात सल एकच, ज्युलिएटचा. एफ्राईमची भाची, इथेच वाढलेली, गोड गळ्याची. शनिवारी संध्याकाळी शब्बाथचा विश्रांतीचा दिवस संपला की ती लीयाकडे शिकायला यायची. लीयाने हातचं काही राखलं नव्हतं. पण अलीकडे एफ्राईम भाचीला प्रॅक्टिसला बसवून घेऊ लागला होता आणि ती गुणगुणली तरी मामाची मान डोलायची. गेल्या रविवारी तर फक्त वाद्यांची प्रॅक्टिस आहे, तू आईजवळ थांब, असा निरोप राफाएलने दिला होता. तो डावही एफ्राईमचाच असणार, असं लीयाने मनाशी धरलं होतं. घोडामैदान जवळच होतं. बाईंपुढे उभं राहून गायलं की मामा-भाची दोघांनाही कळेल.

बुधवारी राफाएल न सांगता मासे घेऊन आला. स्वतः साफ केले, वर जेवणानंतर भांडीही घासली. एवढ्या वर्षांच्या संसारात असं कधी घडलं नव्हतं. लीया दारात उभी राहून बघतच राहिली.

"लीया, ऐक ना," तो नळाखाली हात धरून म्हणाला.

"आता काही सांगू नकोस. मला घसा जपायचाय. ऑडिशन झाली की बोलू."

त्याने मान हलवली. उशिरा का होईना, या माणसाला आपल्या गाण्याची कदर वाटली म्हणायची. लीयाचे डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसू नयेत म्हणून ती उगाच ओटा पुसत बसली.

गुरुवारी सकाळी मात्र तो पुन्हा घुटमळला. "आज घरीच थांबतेस का? आईला बरं वाटत नाहीये."

"आज?" आतल्या खोलीत सासूबाई चहात बिस्किट बुडवून मजेत खात होत्या. "शेजारची सुप्रभा येऊन बसणार आहे. एडिनबराच्या आठवड्याचंही तिला विचारून ठेवलंय मी. आईंची काळजी करू नकोस. तू ऑफिसातून डायरेक्ट हॉलवर ये."

संध्याकाळी लीया जांभळी साडी नेसून, वर कोट चढवून बसने हॉलवर पोचली. दारातच तिला गाणं ऐकू आलं. तिचंच गाणं. श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द धरून ठेवायचा, सगळं तिने शिकवलेलं. गळा तेवढा दुसऱ्याचा होता.

ती आत आली तशी वाद्यं थांबली. राफाएलची खुर्ची अजून रिकामी होती.

"आंटी, तुम्ही आला!" ज्युलिएट पुढे झाली. "मला वाटला, तुम्ही आता नाही येणार."

"एडिनबराच्या बाई कुठे आहेत?"

"त्या तर सोमवारीच परत गेल्या," एफ्राईम म्हणाला. "ऑडिशन रविवारी झाली ना."

लीयाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "आणि ज्युलिएटला घेतलं."

"हो."

"भाचीसाठी केसाने गळा कापलात माझा, एफ्राईमभाई. माझ्या तोंडावर सांगायची तरी हिंमत करायचीत."

दोघा इंग्रजांना भाषा कळत नव्हती, पण त्यांनी माना खाली घातल्या. एफ्राईमने व्हायोलिन खुर्चीवर ठेवलं. त्याचा चेहरा उतरला होता.

"मी? अगं, मी तर बाईंना म्हणत होतो, अजून एक वीक थांबा, आमची खरी सिंगर लीयाच. पण आठवडाभर आईंना सोडून तुला यायचंच नाही, तूच आपली जागा पोरीला दिलीस, म्हटल्यावर मी काय बोलणार? मंगळवारी फोन केला तो तुझे आभार मानायलाच. तर तू झोपलीयेस म्हणे."

"हे सगळं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी म्हणजे? राफाएलने," एफ्राईम म्हणाला. "रविवारी तोच तर घेऊन आला ज्युलिएटला."